जुनं घर सोडून ज्येष्ठ निवासात राहायला जाताना: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्यांसाठी

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घराच्या सोप्यात सासऱ्यांच्या हातमागाचा खड्डा होता. माग गेला, खड्ड्यावर शहाबादी फरशी बसली आणि त्या फरशीवर पाट मांडून आम्ही जवळजवळ चाळीस वर्षं जेवलो. दोन वर्षांपूर्वी मी आणि मिस्टर ते घर बंद करून शहराबाहेरच्या एका ज्येष्ठ निवासात राहायला आलो. तेव्हा माझं वय ७१, यांचं ७६. मुलगा पुण्याला, मुलगी बेंगळुरूला.

मी मराठी शाळेत शिक्षिका होते, त्यामुळे गावात ओळख बरीच. लग्नात, बाजारात, देवळात कुणी ना कुणी बाजूला घेऊन हळूच विचारतं, "बाई, तिकडं बरं आहे की? आमच्या पण मनात आहे, पण सुरुवात कुठनं करायची तेच कळत नाही." प्रत्येकाला मी जे सांगते ते इथे क्रमाने लिहिते.

१. पाय चालतात तोवर ठरवा

आमच्या निवासात आलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक दवाखान्यातून थेट आले. न्हाणीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि मुलांनी चार दिवसांच्या रजेत जागा शोधून आईला किंवा वडलांना तिथे आणून ठेवलं. त्या माणसाने खोली बघितलेली नसते, जेवण चाखलेलं नसतं. घराला कुलूप लावताना तो तिथे नसतोच. अशा माणसाला रुळायला फार वेळ लागतो आणि काही जण शेवटपर्यंत रुळत नाहीत. ते मी रोज बघते, म्हणून सगळ्यात आधी हे सांगते: जायचं असेल तर जागा स्वतःच्या पायाने जाऊन बघा, स्वतः निवडा, आणि शोधायला निदान एक वर्ष हाताशी ठेवा.

मुलांना आधी सांगा, शेजाऱ्यांना नंतर, पण दोघांनाही तुमच्याच तोंडून कळू दे. आपल्याकडे 'आश्रम' हा शब्द ऐकला की लोक पोरांना नावं ठेवतात. आम्ही गणपतीत आरतीनंतर गल्लीतल्या पाच-सहा घरांना बसवून सांगितलं की जिना चढवत नाही, परडं झाडवत नाही, आम्हीच ठरवलं आहे, मुलांनी नाही. माझी थोरली जाऊ रडली. पण नंतर कुणी आमच्या सुनेला बोल लावला नाही. तेवढ्यासाठी तो एक संध्याकाळचा त्रास सोसावा.

२. कुठल्या प्रकारची जागा हवी ते ओळखा

आपल्या भागात ढोबळ तीन प्रकार दिसतात. एक, धर्मादाय वृद्धाश्रम: ज्यांना कुणी नाही किंवा परवडत नाही त्यांच्यासाठी. बामणवाडीचा शांताई वृद्धाश्रम बेळगावकरांना माहीत आहे, वाढदिवसाला जेवण द्यायला कित्येक जण तिथे जातात. दोन, सशुल्क निवास: अनामत भरायची, महिन्याला पैसे द्यायचे, खोली आणि जेवण त्यांचं. तीन, शुश्रूषा केंद्र: अंथरुणाला खिळलेल्या किंवा विसरभोळेपणाचा आजार असलेल्या माणसांसाठी, चोवीस तास माणूस. पुण्या-बेंगळुरूसारख्या शहरांत ज्येष्ठांसाठी विकत घ्यायचे फ्लॅटही असतात. ते घेताना तो घरखरेदीचा व्यवहार आहे असं समजूनच वकिलाकडे जा.

हिंडत्याफिरत्या जोडप्याला दुसरा प्रकार ठीक. पण एक प्रश्न तिथेच विचारून ठेवा: उद्या आम्ही अंथरुणाला टेकलो तर ठेवाल की घेऊन जा म्हणाल? पुष्कळ ठिकाणी छापील नियमात बारीक अक्षरात 'स्वतःची कामं स्वतः करू शकणारे' असं लिहिलेलं असतं. म्हणजे ज्या दिवशी खरी गरज पडेल त्याच दिवशी तुम्हाला निघावं लागेल.

३. गाव निवडताना पाऊस बघा, रस्ता बघा

आपला जिल्हा एकसारखा नाही. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे घाटाचा धो धो पाऊस. मलप्रभा तिथेच उगम पावते. अथणी, गोकाक, रामदुर्गकडे कोरडं आणि उन्हाळा कडक. बेळगाव शहर मधलं, हवा थंड, पण जून ते सप्टेंबर भिंतींना ओल. दमेकरी माणसाने हिरव्यागार डोंगराकडे बघून खानापूरच्या बाजूला जागा घेऊ नये, आणि उन्हाचा त्रास असणाऱ्याने पूर्वेकडे जाऊ नये. संधिवाताचं दुखणं असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

मुलं पुणे-कोल्हापूरकडे असतील तर महामार्गाचाही विचार करा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पूर आला तेव्हा कोल्हापूर-निपाणी पट्ट्यात महामार्गावर पाणी येऊन वाहतूक बंद पडली. निपाणीच्या जवळपास राहणारे आणि बेळगावात राहणारे, दोघांनीही विचार करून ठेवावा की असा आठवडा आला तर आपल्याजवळ पोचणारा माणूस कोण. आमच्या बाबतीत तो बेळगावातल्याच वडगावचा भाचा आहे. निवासाच्या नोंदवहीत मुलाच्या आधी त्याचा नंबर आहे.

दवाखाना किती मिनिटांवर, हे किलोमीटरवरून ठरवू नका. संध्याकाळी सहा वाजता रिक्षा करून स्वतः जाऊन बघा. १०८ ची रुग्णवाहिका तिथवर येते का, फाटकातून आत शिरते का, तेही बघा. आम्ही बघितलेल्या एका जागेचं फाटक इतकं अरुंद होतं की टेम्पोसुद्धा बाहेर थांबवावा लागत होता.

४. बघायला जा, आणि रात्री जा

दिवसा सगळ्या जागा छान दिसतात. व्यवस्थापक चहा देतो, बाग दाखवतो, देऊळ दाखवतो. त्या भेटीत फक्त चार गोष्टी बघा: न्हाणीतली फरशी ओली असताना पायाने घासून, भिंतीला धरायचा दांडा हलवून, पाणी विहिरीचं की बोअरचं ते विचारून, आणि वीज गेल्यावर जिन्यातला दिवा लागतो का ते. मग व्यवस्थापक नसताना कट्ट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांशी बोला. "जेवण कसं?" असं विचारलंत तर सगळे "बरं आहे" म्हणतात. "काल रात्री काय होतं?" असं विचारा. ताटात काय आलं ते आठवून सांगताना माणूस खरं सांगतो.

जेवणाचं आपल्या भागात वेगळं महत्त्व आहे. जोंधळ्याची भाकरी रोज मिळते की फक्त चपाती-भात, तिखट किती, संध्याकाळचं जेवण सातला की नऊला. बुधवार-रविवारी मटण खाणाऱ्या घरातल्या माणसाने जागा पूर्ण शाकाहारी आहे का हे विचारायला लाजू नये. साठ-सत्तर वर्षांची सवय असते, आणि खोलीच्या रंगापेक्षा ताटाचं दुःख जास्त दिवस राहतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रात्रपाळीला कोण असतं आणि ते कुठली भाषा बोलतात?

आपण सीमाभागातली माणसं, घरात मराठी, बाजारात कानडी, त्यामुळे आपल्याला वाटतं चालून जाईल. दिवसा चालतं. पण रात्री दोनला छातीत कळ आली, ताप चढला, की माणूस आपल्याच भाषेत बोलतो. माझ्या आईने शेवटच्या आठ दिवसांत आयुष्यभर येणारं कानडी एक शब्द बोललं नाही. दुसरीकडे, या निवासांत रात्री सेवेला असणाऱ्या मुली बऱ्याचदा सौंदत्ती, बैलहोंगल, गोकाककडच्या असतात. मायाळू असतात, पण मराठी त्यांना मोडकंतोडकं येतं. म्हणून रात्रपाळीत निदान एक माणूस मराठी समजणारा असावा असा आग्रह धरा, आणि आपल्या बाजूनेही तयारी करा. मी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पलंगाच्या डोक्याशी चिकटवलं आहे: 'नीरु कोडी' म्हणजे पाणी द्या, 'एदे नोवु' म्हणजे छातीत दुखतंय, 'तले सुत्तु' म्हणजे चक्कर येतेय, 'बेगा बर्री' म्हणजे लवकर या. शेजारी कुठल्या गोळ्या चालू आहेत तेही लिहिलं आहे. जे पुण्या-मुंबईत नोकरी करून निवृत्तीनंतर गावाकडे परत येतात त्यांना तर हा कागद लागतोच.

५. पावसाळ्यात महिनाभर राहून बघा

बहुतेक चांगल्या जागा पाहुणा म्हणून महिनाभर राहू देतात. देत नसतील तर त्या जागेचा विचार सोडा. आणि हा महिना जुलै किंवा ऑगस्ट असू दे. डिसेंबरात बेळगावात कुठेही राहिलं तरी मन प्रसन्न असतं. पावसाळ्यात कळतं की कपडे कुठे वाळतात, खोलीला वास येतो का, जेवणघरापर्यंत छत्री धरून जावं लागतं का, दिवसभर आभाळ भरलेलं असताना माणसं एकमेकांशी बोलतात की आपापल्या खोलीत पडून असतात.

आम्ही दोन जागी असे राहिलो. पहिल्या जागी तिसऱ्या रात्री यांच्या पोटरीत गोळा आला. मी घंटी दाबली. बाहेर पाऊस, घंटी वाजल्याचं मलाच ऐकू येत होतं. घड्याळ बघत बसले: वीस मिनिटं कुणी आलं नाही. शेवटी मीच तेल गरम करायला उठले आणि तिथे चूल नाही हे लक्षात आलं. सकाळी सांगितलं तर म्हणाले, मुलगी झोपली असेल. दुसऱ्या जागी मी मुद्दाम साडेअकराला घंटी दाबली. चार मिनिटांत एक पोरगी केस बांधत बांधत आली. "एनु बेकु, अज्जी?" म्हणजे काय हवं, आजी? मी पाणी मागितलं. तिने पाणी आणलं, गार आहे म्हणून परत नेऊन कोमट करून आणलं, आणि जाताना न्हाणीतला दिवा लावून ठेवला. त्याच आठवड्यात आम्ही तिथली खोली पक्की केली. तुम्हीही घंटी दाबून बघा. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही, उरलेली सगळी वर्षं त्या घंटीवर काढायची आहेत.

या महिन्यात घर विकायचं, भाड्याने द्यायचं काहीही ठरवू नका. सामानही नेऊ नका. दोन पिशव्या पुरतात.

६. पैसे भरण्याआधी कागद वाचा

आमची एक चूक सांगते. एका संस्थेत नोंदणी म्हणून पंचवीस हजार भरले. पावती आली, मी फाईलला लावली. चार महिन्यांनी विचार बदलला आणि पैसे मागायला गेलो तेव्हा त्यांनी पावती दाखवायला सांगितली. तिच्यावर 'देणगी' लिहिलेलं होतं, आणि देणगी परत मिळत नसते. शाळेत तीस वर्षं मुलांना धडा नीट वाचा म्हणणारी मी, ती चार ओळींची पावती वाचली नव्हती. पैसे गेले त्याहून या गोष्टीची चुटपूट मोठी होती.

तेव्हा पावतीवर 'परतावा मिळणारी अनामत' असे शब्द हवेत. करारात या गोष्टी लेखी हव्यात: अनामत किती दिवसांत परत, दरवर्षी त्यातून काही कापतात का, महिन्याचा खर्च वर्षाला जास्तीत जास्त किती वाढणार, दोघांपैकी एक गेलं तर दुसऱ्याला तीच खोली मिळणार का आणि पैसे किती लागणार, दवाखान्यात असतानाच्या दिवसांचे जेवणाचे पैसे कापणार का, वेगळी आया लावली तर तिचा दर कोण ठरवणार, जागा सोडायची तर किती दिवस आधी सांगायचं. दोघांपैकी एक गेलं तर, हा प्रश्न विचारताना जीभ जड होते. आमच्याकडे तो यांनीच विचारला, मी मान खाली घालून बसले होते. पण विचारून ठेवला हे बरं झालं असं आज वाटतं.

करार इंग्रजी किंवा कानडीत असतो. वाचता येत नसेल तर सही करू नका. घरी आणा, जाणत्या माणसाकडून ओळन् ओळ मराठीत ऐका. खर्चाचा कागदही उलगडून मागा: खोली, जेवण, सेवा, कर. धर्मादाय म्हणून आयकर खात्याकडे नोंदलेली संस्था ६० वर्षांवरच्यांकडून महिना २५,००० रुपयांपर्यंत घेत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही, हे आम्हाला पहिल्यांदा कुणी सांगितलं नव्हतं.

महिन्याची बेरीज आधी मांडा. पेन्शन असेल तर सोपं जातं. नसेल तर पोस्टाची मासिक उत्पन्न योजना (एकट्याच्या नावावर ९ लाख, जोडखात्यावर १५ लाखांपर्यंत) आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजना (३० लाखांपर्यंत, व्याज दर तीन महिन्यांनी) या दोन्हींतून खर्चाचा किती भाग भागतो ते बघा. औषधं, आया आणि दवाखाना यांसाठी वेगळी रक्कम अशी ठेवा की एका दिवसात हातात येईल.

७. घराचं काय करायचं

इथे माझं मत ठाम आहे. पहिलं वर्षभर घर विकू नका आणि मुलांच्या नावावरही करू नका. घर उभं असतं तोवर निवासातल्या खोलीत मन लावून घेणं सोपं जातं, कारण आपण अडकलेलो नाही हे माहीत असतं.

मात्र बंद घर आपल्या पावसात टिकत नाही. मंगळुरी कौलं असतील तर मे महिन्यात शाकारणी हवीच. एक कौल सरकलं की वाशापर्यंत पाणी जातं आणि मागोमाग वाळवी येते. पंधरा दिवसांतून एकदा दारं-खिडक्या उघडणारं माणूस ठरवा, त्याला महिन्याचे पैसे द्या, फुकट करायला सांगू नका. घरपट्टी आणि हेस्कॉमचं, म्हणजे विजेचं, बिल थकू देऊ नका.

या वर्षात कागद मात्र सरळ करून घ्या. कित्येक घरांच्या उताऱ्यावर अजून आजोबांचं, सासऱ्यांचं नाव आहे. वारसा नोंद आपण हयात असताना झाली तर एका सहीचं काम, नंतर ती मुलांसाठी वर्षांची धावपळ. कर्नाटकात आता मिळकतीची खरेदी-विक्री नोंदवायला ई-खाते, म्हणजे मिळकतीचा संगणकावरचा उतारा, लागतं, तेही काढून ठेवा. सगळे कागद कानडीत असतात. १९५६ आधीचे जुने दस्त मात्र पुष्कळ घरांत मराठीत आहेत, काही मोडी लिपीतही. ते कागद फेकू नका, वाचणारा माणूस शोधून त्यांची यादी करा.

घर मुलाच्या नावावर बक्षीसपत्राने करायचंच असेल तर 'आई-वडिलांचा सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द त्या दस्तात असू देत. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण कायदा २००७ चा आहे. त्याच्या कलम २३ प्रमाणे अट घालून दिलेली मिळकत, सांभाळ झाला नाही तर परत मागता येते. दाद प्रांताधिकाऱ्यांकडे मागायची, आपल्याकडे लोक त्याला एसी (असिस्टंट कमिशनर) ऑफिस म्हणतात. बेळगाव, चिक्कोडी आणि बैलहोंगल अशी तीन आहेत. मुलगा सोन्यासारखा असला तरी ही ओळ घाला. त्याच्यावर अविश्वास नाही, त्याच्यानंतर घर कुणाच्या हातात जाईल ते आपल्याला दिसत नाही.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण मी केली. विक्री करायची ठरली तर आयकर सल्लागाराला आधी भेटा, कारण निवासात भरलेली अनामत म्हणजे घरखरेदी नव्हे, आणि घराच्या बदल्यात घर घेतल्यावर मिळणारी सूट तिला मिळेल असं धरून चालू नका.

८. सामान, आणि घरचे देव

खोलीचं माप टेपने घ्या आणि तेवढी जागा जुन्या घराच्या फरशीवर खडूने आखा. आम्हाला बारा बाय चौदा फूट मिळाले. सोप्यात खडूची चौकट काढून त्यात पलंग, कपाट, खुर्ची मांडून बघितली तेव्हा कळलं की शिवणयंत्र बसत नाही. ते तिथेच सोडलं.

तांब्याचा बंब, घंगाळ, पाटा-वरवंटा, हंडे, मुसळ. या वस्तूंसाठी मोडीचा भाव विचारायची घाई करू नका. ज्याला द्यायचं त्याला बोलावून हाताने द्या. बंब माझ्या भाचीने नेला आणि पुढच्या दिवाळीला अभ्यंगाचं पाणी त्यात तापवून मला फोन केला. पाटा-वरवंटा कुणाला नको होता, तो परड्यातच आहे. पुस्तकं देताना वाचनालयाला आधी विचारा, पोती नेऊन टाकू नका. पलंग, उशी, गोधडी आणि रोजचा चहाचा कप मात्र आपलाच न्या. अंधारात हात जिथे जातो ती वस्तू ओळखीची असली पाहिजे.

देवांचं सगळ्यात अवघड. आमच्या देव्हाऱ्यात जोतिबा, यल्लम्मा आणि पूर्वजांचे टाक. निवासात प्रत्येक खोलीत घट बसवता येत नाहीत, अखंड दिवा ठेवता येत नाही, आगीची भीती असते. मी कितीतरी रात्री याच विचाराने जागी होते. शेवटी गुरुजींना विचारून, मुलगा-सून आले तेव्हा टाक त्यांच्या हवाली केले. सुनेने ते रेशमी खणात बांधून मांडीवर घेऊन पुण्यापर्यंत नेले, डिकीत ठेवले नाहीत. माझ्याकडे बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा आहेत. तुमच्या घराण्याची रीत वेगळी असेल, पण ठरवायचं ते सामान बांधायच्या दिवशी नको. निदान एक सण आधी ठरवा, म्हणजे घरातला शेवटचा कुळाचार पूर्ण होतो.

९. पत्ता बदलताना सीमेचा विचार

महाराष्ट्रातून इकडे राहायला येणाऱ्यांनी हे नीट वाचा. कर्नाटकात जून २०२३ पासून शक्ती योजनेत महिलांना सरकारी साध्या बसने राज्यात फुकट प्रवास आहे, पण कर्नाटकातला पत्ता दाखवावा लागतो. महाराष्ट्राच्या एसटीत ७५ वर्षांवरच्यांना मोफत आणि महिलांना अर्धं तिकीट आहे, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं. म्हणजे आधारवरचा पत्ता बदलण्याआधी आपण कुठल्या बाजूच्या सवलती वापरणार, ते ठरवा. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ८६५ सीमागावांतल्या लोकांना महात्मा फुले जन आरोग्य योजना खुली केली. गरज पडेल तेव्हा धावपळ नको, कुठला दवाखाना ती स्वीकारतो ते आत्ताच विचारून ठेवा. आरोग्य विमा असेल तर त्या कंपनीलाही नवा पत्ता कळवा.

मतदार यादीत नाव हलवायला नमुना ८ भरायचा. वय ८५ च्या पुढे असेल तर घरून मतदानाची सोय मागता येते. पेन्शनचा हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून निघतो, किंवा पोस्टमन येऊन थोड्या शुल्कात करून देतो, बँकेत रांग लावायची गरज नाही. बँकेच्या प्रत्येक खात्यावर नॉमिनीचं नाव आहे ना, ते पासबुक उघडून बघा.

१०. पहिले तीन महिने

पहिले आठ दिवस छान जातात, सगळे भेटायला येतात. मग संध्याकाळी सहा ते साडेसात ही वेळ अंगावर येते. घरी त्या वेळी दिवा लावायचा, दूध यायचं, समोरच्या घरातली पोरं शुभंकरोती म्हणायची. त्या दीड तासासाठी काहीतरी ठरवूनच या. मी दोन आज्यांना मराठी पेपर मोठ्याने वाचून दाखवते, त्यातल्या एक मोतीबिंदूवाल्या आहेत, एक कधी शाळेत गेल्या नाहीत. मिस्टर चालायला जातात. भजन असेल तर भजनाला बसा, आवाज कसाही असू दे.

जुन्या घरी जायचा दिवस ठरवून घ्या. मनात आलं की जायचं केलं तर इथे मुळं धरत नाहीत, आणि अजिबात गेलं नाही तर घर स्वप्नात येतं. आम्ही महिन्याच्या पहिल्या रविवारी जातो, दारं उघडतो, शेजारी चहा पितो, अंधार पडायच्या आत परत येतो. मुलांना रोज फोन करू नका म्हणा, ठरलेल्या दिवशी नक्की करा म्हणा.

नव्या खोलीत रात्री उठताना पडण्याची भीती फार, कारण पाय जुन्या घराच्या वाटेने जातात. पहिले दोन महिने लहान दिवा चालू ठेवा आणि पलंग अशा बाजूला लावा की न्हाणीचं दार जुन्या घरात ज्या हाताला होतं त्याच हाताला येईल. ही युक्ती इथल्या एका आजोबांनी सांगितली.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस जेवण जात नसेल, झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल तर 'वयामुळे होतं' म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना सांगा. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मराठीत आणि कानडीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. निवासात वागणूक वाईट असेल, पैशांवरून त्रास असेल, तर ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा क्रमांक सकाळी आठ ते रात्री आठ चालू असतो. दोन्ही नंबर मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा, मोबाइलमध्ये नुसते साठवून उपयोग नाही.

सहा महिने झाले की दोघांनी वेगवेगळं बसून लिहा: काय बरं चाललंय, काय सोसवत नाही. मग कागद एकत्र वाचा. आमच्या कागदांवर बहुतेक गोष्टी जुळल्या. यांनी एक लिहिलं होतं ते मला माहीतच नव्हतं, की दुपारी झोपायला त्यांना सोप्यातली गार फरशी आठवते. व्यवस्थापकांना सांगून खोलीत खाली चटई टाकायची परवानगी घेतली, उठताना धरायला खुर्ची ठेवली.

जमत नसेल तर परत जा. आमच्या शेजारच्या खोलीतलं निपाणीकडचं जोडपं सात महिने राहिलं आणि त्यांना गाव सोडवेना. तंबाखूच्या हंगामात शेतावर जायची सवय, इथे बसून हात रिकामे. त्यांनी एक महिना आधी लेखी कळवलं, पावती दाखवली आणि सामान टेम्पोत भरून गेले. अनामत पंचेचाळीस दिवसांत खात्यावर आली, कारण करारात तसं लिहिलेलं होतं.